थाप मारली की गप्प बसणारा डबा

एका वाचक ताईंचं पत्र आहे. त्या घरून काम करतात. ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून टाइप करायच्या, आणि तेही बहुतेक रात्रीच. त्यांचा डेस्कटॉप सहा वर्षांचा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड वगैरे काही नाही. सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं शांत असतो, मग डाव्या बाजूने खडखड सुरू होते. थाप मारली की थांबते आणि थोड्या वेळाने पुन्हा येते. गेल्या वर्षी भाच्याने फोटोंसाठी दुसरी हार्ड डिस्क बसवून दिली. तेव्हापासून एक घुमल्यासारखा आवाजही येतो, तो लाटेसारखा चढतो-उतरतो. भाच्याने मध्यंतरी कॅबिनेट उघडून सगळे स्क्रू घट्ट आवळले, आत स्पंज चिकटवला, तर आवाज उलट वाढला. त्यांच्या कानाला हेडफोन असतो, पण त्याच खोलीत झोपणाऱ्या मिस्टरांची झोपमोड होते. मिस्टर म्हणतात, मशीन म्हातारं झालं, नवीन घे. भाचा म्हणतो, नुसतं कॅबिनेट बदल. ताईंना स्क्रूड्रायव्हर हातात धरायची धास्ती वाटते आणि त्याहून जास्त धास्ती आहे ती फोटो जाण्याची. काय करावं, असं त्या विचारतात.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की दुखणं कुठे आहे ते तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंय, फक्त त्याच्याकडे तसं पाहिलेलं नाही. "दहा-पंधरा मिनिटांनी", "थाप मारली की थांबते", "लाटेसारखा चढतो-उतरतो" आणि "स्क्रू आवळल्यावर वाढला". नुसतं "आवाज येतो हो" एवढंच लिहिणारे खूप असतात. तुम्ही नीट ऐकलंय, आणि ऐकायचं तर तुमचं रोजचंच काम आहे. म्हणून हे तुम्हाला जमणार याची मला खात्री वाटते.

पण त्याआधी दोन गोष्टी आजच करायच्या. पहिली म्हणजे थाप बंद. चालू मशीनला चापट मारणं हार्ड डिस्कला अजिबात मानवत नाही. आतली तबकडी बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेत असते, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्यावर वाचणारं टोक टेकलेलं नसतं, काही नॅनोमीटरच्या फटीवर तरंगत असतं. तुमच्या थापेने आजवर काही बिघडलं नसेल तर नशीब समजा. दुसरी गोष्ट म्हणजे फोटोंची प्रत. बाहेरून जोडायच्या डिस्कवर सगळे फोटो उतरवून घ्या, ती डिस्क दुसऱ्या कुठल्या तरी मशीनला लावा आणि त्यातले आठ-दहा फोटो खरोखर उघडून पाहा. नुसतं कॉपी झाल्याचं दिसलं म्हणून सोडून देऊ नका. हे झाल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा नाही. आवाजासाठी नव्हे हो, तुमच्या धास्तीसाठी. फोटो सुरक्षित आहेत हे कळलं की हात थरथरत नाही.

आता मिस्टरांचं "म्हातारं झालं". डेस्कटॉपच्या आत हलणाऱ्या वस्तू दोनच जातीच्या असतात, पंखे आणि फिरणाऱ्या हार्ड डिस्क. डीव्हीडीचा ड्राइव्ह असेल तर तो तिसरा, पण तो रात्रंदिवस फिरत नाही. प्रोसेसर, मेमरी, मदरबोर्ड (हे सगळं जिच्यावर बसतं ती मुख्य पाटी) यांना वयाने खोकला होत नाही. पंखा झिजतो, सायकलच्या टायरसारखा, आणि टायरसारखाच एकटा बदलता येतो. त्यासाठी सबंध सायकल कोणी भंगारात टाकत नाही.

भाच्याचं म्हणणं सत्याच्या जास्त जवळ आहे, तरी नेम चुकलाच. कॅबिनेट स्वतःहून आवाज करत नाही. तंबोऱ्याची नुसती तार हवेत ताणून छेडली तर शेजारच्यालाही धड ऐकू जाणार नाही. तिचा आवाज खोलीभर करतो तो भोपळा. तुमचा पंखा आणि डिस्क म्हणजे तारा आणि पत्र्याचा डबा म्हणजे भोपळा. स्वस्तातल्या कॅबिनेटचा पत्रा पातळ असतो, त्यामुळे हा भोपळा फार गुणी निघतो. नवा डबा आणून त्यात तेच पंखे, त्याच डिस्क आणि तसेच आवळलेले स्क्रू घातलेत, तर चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखं होईल.

तंबोऱ्याचं नाव निघालंच आहे तर आणखी थोडं. तारेखाली घोडीवर सुताचा एक दोरा सरकवतात. तो केसभर इकडेतिकडे झाला की तार घोडीला ओझरती घासू लागते आणि ती झणझण, जवारी, लागते किंवा जाते. तुमची खडखड म्हणजे नको तिथे लागलेली जवारी आहे. पत्रा चौकटीला घट्ट बसलेला असता तर गप्प राहिला असता, पूर्ण सुटा असता तरी गप्प राहिला असता. तो ओझरता टेकलाय, म्हणून वाजतोय. थाप मारता तेव्हा दोरा केसभर सरकतो, जवारी जाते. मशीनच्या थरथरीने पत्रा हळूहळू पुन्हा जुन्या जागी येतो आणि लागते. थापेने दुरुस्ती होत नाही, पण दुखणं पत्र्याच्या बैठकीत आहे एवढं ती नक्की सांगते.

आणि दहा-पंधरा मिनिटंच का? कारण तेवढ्या वेळात आतलं तापमान चढतं आणि मदरबोर्ड पंख्यांचा वेग वाढवतो. प्रत्येक पत्र्याची स्वतःची एक लय असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकेच ढकललं तरी तो उंच जातो, लय चुकवून जोरात ढकललं तरी अडखळतो, तसंच इथे. १२० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेत असेल तर सेकंदाला २० होतात. त्याला ७ पाती असतील तर हवेला सेकंदाला १४० ठोके पडतात. पंख्याचा तोल जरा गेलेला असेल तर २०ची थरथर, पात्यांची १४०ची गुणगुण, यातलं काही तरी तुमच्या डाव्या पत्र्याच्या लयीशी जुळतं. म्हणून सुरुवातीच्या कमी वेगाला काही नाही, आणि वेग चढला की खडखड.

आता तो लाटेसारखा आवाज. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा मिळवताना एक किंचित उतरलेली असली की "वाँव... वाँव..." असं हेलकावताना ऐकू येतं. तुमच्या दोन डिस्क म्हणजे जोडीच्या तारा. दोन्ही १२०च्या, पण हुबेहूब सारख्या नाहीत, एक १२० आणि दुसरी त्याहून केसभर कमी किंवा जास्त. त्या फरकाच्या हिशेबाने आवाज चढतो आणि उतरतो. दुसरी डिस्क आली तेव्हापासून सुरू झालं हे तुम्हीच लिहिलंय, त्यामुळे मला यात फारसा संशय नाही. डिस्क खराब आहे असं यावरून अजिबात ठरत नाही.

भाच्यावर रागावू नका. स्क्रू आवळणं हे कोणालाही सुचेल. पण सगळेच स्क्रू आवळण्यासाठी नसतात. पुष्कळ कॅबिनेटांत हार्ड डिस्क रबराच्या बुचांवर बसवलेली असते आणि रबर दबलं नाही तरच ते थरथर पितं. स्क्रू पिळून रबर चेपून टाकलं की डिस्कची थरथर थेट पत्र्यात उतरते. "आवळल्यावर आवाज वाढला" याचं कारण बहुतेक हेच असणार.

आता कामाला लागू. पहिला अर्धा तास काहीही उघडायचं नाही. कॅबिनेटवर ठेवलेलं सगळं खाली काढा: पेनांचा डबा, देवाची तसबीर, हेडफोनचं स्टँड, काहीही असो. माझा स्वतःचा एक आख्खा रविवार अशाच खडखडीच्या मागे गेला होता. दोन पंखे उतरवून पुन्हा बसवले, आणि शेवटी वाजत होती ती कॅबिनेटच्या माथ्यावर विसरलेली स्टीलची पट्टी. मागे जाऊन केबल पाहा, एखादी पत्र्याला टेकून थरथरत असेल. न वापरलेल्या स्लॉटच्या मागच्या पट्ट्या बोटाने हलवून पाहा. खाली वाकून चारही रबरी पाय जागेवर आहेत का ते बघा. एक पडलेला असला की डबा तीन पायांवर डुगडुगतो आणि टेबल हा दुसरा भोपळा होतो.

मग हाताने ऐका. रात्री खोली शांत असताना मशीन सुरू करा, खडखड सुरू होईपर्यंत थांबा. तळहात पूर्ण पसरून डाव्या पत्र्याच्या मधोमध टेकवा. दाबायचं नाही, तापलेल्या कपाळावर हात ठेवतो तसा. पत्रा तळव्याला गुदगुल्या करेल. आता हळूहळू दाब वाढवा आणि कोणत्या क्षणी आवाज जातो ते पाहा. मध्यावर थोड्याशा दाबाने गेला तर पत्रा घुमतोय. मध्यावर काही फरक नाही, पण एखादी कडा किंवा कोपरा चिमटीत धरताच गेला, तर तो कोपरा चौकटीला वाजतोय. त्या जागी पेन्सिलीने खूण करा. असंच उजव्या पत्र्यावर, माथ्यावर, समोरच्या प्लॅस्टिकच्या मुखवट्यावर आणि त्याच्या मागच्या धुळीच्या जाळीवर करा. जाळी आणि मुखवटा यांच्या खुंट्या सैल होऊन फार किरकिर करतात आणि त्यांच्यावर संशय सगळ्यात शेवटी जातो.

एक धोक्याची सूचना आत्ताच देतो. आवाज करणारे बहुधा एकापेक्षा जास्त असतात. सारखेच दोन आवाज असतील आणि त्यातला एक पूर्ण बंद केला, तर मोजमापात फक्त ३ डेसिबल उतरतात. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. म्हणजे एक चोर पकडला तरी "काहीच फरक नाही" असंच वाटणार. म्हणून कुठे काय केलं ते कागदावर लिहीत जा, आणि फरक जाणवला नाही म्हणून केलेलं काम उलटवू नका.

उघडताना मशीन बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबून सोडा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, अंगावरची स्थिर वीज तिथे उतरते. केस बांधा, बांगड्या आणि ओढणी दूर ठेवा. डावा पत्रा मागच्या दोन स्क्रूंवर असतो. ते काढले की पत्रा मागे सरकतो आणि सुटतो.

पहिल्यांदा तो स्पंज काढा. स्पंज वरच्या पट्टीतला आवाज थोडा शोषतो, पण पत्र्याची थरथर रोखायला त्याच्यात वजनच नसतं. त्यातून तो हवेच्या वाटेत असला तर आतली उष्णता वाढते, पंखे जास्त वेगाने फिरतात आणि घोडं पुन्हा तिथेच. गोंदाचे तुकडे राहिले तर बोटाने चोळून काढा. पंख्यात एखादा पडला तर टिकटिक सुरू होईल.

मग केबल. एखादी पंख्याच्या पात्याला ओझरती लागत असली की टर्र किंवा टिकटिक येते. सगळ्या केबल गोळा करून केबल टायने चौकटीला बांधा.

पंख्यांवर जरा वेळ घालवा, कारण खरा वाजवणारा बहुधा तिथेच आहे. बंद मशीनमध्ये पातं बोटाने हलकं फिरवा. चांगला पंखा दोन-चार गिरक्या घेऊन हळूच थांबतो. झिजलेला पटकन अडतो किंवा खरखरतो. मधला गोल धरून पुढे-मागे हलवून पाहा. अगदी थोडी हालचाल चालते, पण डावी-उजवीकडे लडबडत असेल तर बेअरिंग संपलं. पात्यांवरची धूळ मऊ ब्रशने काढा, एकाच पात्यावर साचलेली पुटंही तोल घालवतात. हवेचा ब्लोअर वापरणार असाल तर पातं बोटाने धरून ठेवा. मी एकदा न धरता हवा मारली होती. पंखा भिंगरीसारखा सुसाट फिरला, मला मजा वाटली, आणि त्या दिवसापासून तो घरघरायला लागला तो बदलेपर्यंत.

संशयित कोण ते ठरवायला कॅबिनेटचा एक पंखा मदरबोर्डवरून सोडवा, पत्रा लावा, मशीन सुरू करा आणि खडखडीची वाट पाहा. मग प्लग काढून तो परत जोडा आणि दुसरा सोडवा. प्रोसेसरवरच्या पंख्याला मात्र हात लावायचा नाही. तो बंद ठेवून मशीन चालवणं म्हणजे विनाकारण आगीशी खेळ. आणि चालू पंखा बोटाने थांबवायचा मोह टाळा.

पंखा ठीक असेल पण चौकटीत सैल बसला असेल तर स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. शेवटी बोटांना अडकल्याची जाणीव झाली की थांबा. हे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये स्वतःच आटे पाडतात, जास्त पिळले की आटे जातात आणि मग तो कोपरा कायमचा सैल. त्याऐवजी पंखा बसवायच्या सिलिकॉनच्या खुंट्या मिळतात, त्या ओढून बसवल्या की पंखा आणि पत्रा यांची गाठच पडत नाही. माझं मत विचाराल तर एवढ्याशा वस्तूने इतका फरक पाडणारं दुसरं काही नाही. पंखा बदलायची वेळ आली तर माप चौकटीच्या कडेपासून कडेपर्यंत घ्या. ८०, ९२, १२०, १४० मिलिमीटर ही नेहमीची मापं. स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजलंत तर १२०च्या पंख्याला १०५ भरेल आणि चुकीचा पंखा घरी येईल. जुन्याची हवा कुठल्या दिशेला जाते ते काढण्याआधी लिहून ठेवा. कोरड्या पडलेल्या पंख्याला तेल देणारेही आहेत. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब स्टिकरखाली सोडला तर काही दिवस निभतं. गंज सोडवायचा फवारा मात्र तिथे मारू नका, ते वंगण नव्हे. मी तरी हल्ली तेलाच्या भानगडीत पडत नाही.

आता वेग. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, पंख्याच्या वेगाची रेषा असते, अमुक तापमानाला अमुक वेग अशी. चार पिनांचा पंखा असेल तर वेग सरळ ठरवता येतो. तीन पिनांचा असेल तर व्होल्टेज कमी करून, तशी सोय बहुतेक मदरबोर्डवर असते. वेग पाऊण केला तर आवाज ढोबळमानाने ६ डेसिबल उतरतो, निम्मा केला तर १५च्या आसपास. हवा मात्र त्याच प्रमाणात कमी होते. टाइप करणं आणि ध्वनिमुद्रण ऐकणं हे प्रोसेसरला मुळीच जड नाही, त्यामुळे कॅबिनेटचे पंखे कमी करायला तुमच्याकडे भरपूर वाव आहे. थोडे थोडे कमी करा, तासभर काम करा, तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर नजर ठेवा. ज्या वेगाला पत्रा वाजतो तो वेग लिहून घ्या आणि रेषा अशी आखा की पंखा तिथे रेंगाळणारच नाही, एक तर त्याच्या खाली राहील किंवा पटकन ओलांडून जाईल.

वेग बदलायला उशीर लावायचीही सोय असते. ती नक्की वापरा, आणि हे मिस्टरांसाठी सांगतोय. झोपमोड बहुतेकदा आवाजाच्या मोठेपणाने होत नाही, बदलाने होते. छताच्या पंख्याखाली माणूस ढाराढूर झोपतो आणि पंखा बंद झाला की जागा होतो. कॅबिनेटचा पंखा दर मिनिटाला चढत-उतरत असेल तर झोपलेल्या माणसाचा कान प्रत्येक वेळी दखल घेतो. थोडा जास्त पण एकसुरी आवाज त्यांना चालून जाईल. आधी विचारून पाहा, त्रास खडखडीचा आहे, घुमण्याचा आहे की चढउताराचा. उत्तराप्रमाणे कामाचा क्रम बदलेल.

डिस्ककडे या. दोन्ही डिस्क कशावर बसल्यात ते पाहा. रबराची बुचं असतील तर स्क्रू थोडे सैल करा, इतके की रबर चेपलेलं दिसणार नाही पण डिस्क लोंबणारही नाही. बुचं नसतील तर रबरी वॉशर घाला, मात्र त्याला थोडे लांब स्क्रू लागतील. साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात, मदरबोर्डच्या खोक्यातला बारीक आट्यांचा एम३ स्क्रू त्यात जबरदस्तीने पिळू नका. एवढं करूनही हेलकावे राहिले तर दुसरी डिस्क आत ठेवायचीच कशाला, हा प्रश्न स्वतःला विचारा. फोटो तुम्ही रोज पाहत नसाल. ती डिस्क बाहेर काढून बाहेरून जोडायच्या खोक्यात घाला, हवी तेव्हा जोडा. जोडीची तारच काढली की हेलकावे संपतील. आणि कधी पैसे घालायची इच्छा झालीच तर नव्या कॅबिनेटऐवजी एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, घाला. तिच्यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे घुमणारंही काही नाही.

उरला पत्रा. ज्या कडेला पेन्सिलीची खूण आहे, तिथे चौकटीच्या ओठावर फेल्टची किंवा पातळ फोमची चिकटपट्टी लावा. काही नसेल तर इन्सुलेशन टेपचे दोन-तीन थर. पूर्ण परीघ झाकू नका, स्क्रूच्या बाजूला धातूला धातू टेकू द्या, कारण पत्र्याला अर्थिंगही तिथूनच मिळतं. मध्यावर घुमत असेल तर आतून जड शीट चिकटवावी लागेल, मोटारीच्या दारांच्या आत लावतात ती डांबराची. सगळा पत्रा मढवायची गरज नाही, साधारण वीतभर लांबी-रुंदीचा तुकडा पुरतो. तबल्यावरची शाई सबंध पुडीवर कुठे असते! पत्रा आधी पुसून कोरडा करा, मधून कडेकडे दाबत चिकटवा म्हणजे हवा अडकणार नाही. पत्र्यावर हवेची भोकं असतील तर ती सोडून, आणि आतल्या हीटसिंकला (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) शीट टेकत नाही ना ते पाहून. खरेदीआधी चाचणी घ्यायची असेल तर जुना माउस पॅड दुहेरी चिकटपट्टीने तिथे लावून दोन दिवस बघा.

ज्यांचं दुखणं वेगळं आहे त्यांच्यासाठी चार ओळी. खरखर एसएमपीएसमधून, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, येत असेल तर त्याचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरांत जीवघेणा भार राहू शकतो, ते युनिट सबंध बदलावं. गेम खेळताना बारीक शिट्टी येत असेल तर ती ग्राफिक्स कार्डावरच्या कॉइलची, निरुपद्रवी. फ्रेम रेटला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची त्याला, मर्यादा घातली की बरीच कमी होते. आणि हार्ड डिस्क थांबून थांबून "कट्ट, कट्ट" करत असेल तर हा लेख बाजूला ठेवा, डेटा उतरवून घ्या.

नवीन मशीन घ्यायचं की नाही, यावर माझं उत्तर "आत्ता नाही" असं आहे. नव्यातही पंखे असणार, पत्रा असणार, आणि तेही काही वर्षांनी बोलू लागेल. तुमच्या कामाला सध्याचं मशीन कमी पडत असेल तर तो विषय वेगळा, तो दिवसा, झोपमोडीच्या रागात नसताना मिस्टरांशी बोला. कॅबिनेट बदलणं मी तेव्हाच म्हणेन, जेव्हा पत्र्याच्या खाचाच वाकलेल्या असतील आणि तो बसतच नसेल.

जागाही बदलून पाहा. टेबलावरून काढून जमिनीवर, जाड रबरी चटईवर ठेवा. मऊ गालिच्यावर नको, खालून हवा घेणाऱ्या एसएमपीएसचं तोंड त्यात बुजतं. पलंगाकडे कॅबिनेटची कोणती बाजू आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. डावी असेल तर एका मिनिटात फिरवून उजवी करता येईल.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली आहे. थाप नेमकी कुठे मारता? डाव्या पत्र्यावर, माथ्यावर, वरच्या कोपऱ्यात? इतके महिने अंधारातसुद्धा तुमचा हात आपोआप एकाच जागी जात असणार, कारण बाकीच्या जागांचा उपयोग होत नाही हे तो कधीच शिकलाय. शीट आतून नेमकी त्याच जागेमागे लावा.